कोपराचं काय बिघडलं?

त्या दुकानात भिंतभर लांब असा एकच आरसा होता आणि त्याच्यासमोर दोन खुर्च्या. डावीकडच्या खुर्चीमागे थोरला उभा राहायचा, उजवीकडच्या खुर्चीमागे धाकटा. दोघं सख्खे भाऊ. सगळं गाव त्यांना थोरला आणि धाकटा असंच म्हणायचं, आणि दोघांची साठी जवळ आली तरी धाकटा धाकटाच राहिला होता. हात दोघांचाही हलका. फरक एवढाच, की थोरल्याकडे दाढीला बसलं की माणसाचा डोळा लागायचा आणि धाकट्याकडे बसलं की गप्पा रंगायच्या.

पण एकमेकांशी ते सहा वर्षं एक अक्षर बोलले नव्हते.

त्याचं कारण त्यांची आई. म्हातारी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. धाकटा तिच्याजवळ होता, त्याने हो म्हटलं. ऑपरेशन झालं, पण आई काही त्यातून उठली नाही. ती गेल्यावर थोरला सगळ्यांदेखत म्हणाला, "तू तिला कापायला दिलंस." धाकटा म्हणाला, "आणि तू? तू तर दवाखान्याची पायरीसुद्धा चढला नाहीस." झालं. त्या दिवशी जी तोंडं शिवली गेली ती गेलीच.

दुकान मात्र चालू राहिलं. घरही एकच, खाली थोरला, वर धाकटा. जावाजावांचं पटत नाही म्हणतात, इथे उलटा प्रकार. दोघी जिन्यात बसून तासन् तास बोलायच्या आणि नवऱ्यांचं नाव निघालं की दोघी मिळून कपाळावर हात मारायच्या. दुकानात निरोप गिऱ्हाइकांमार्फत जायचे. "विचारा हो त्यांना, पावडरचा डबा कुठे ठेवलाय?" असं धाकट्याने म्हणायचं, त्याच्या खुर्चीतल्या माणसाने मान न हलवता आरशात बघून विचारायचं, आणि थोरल्याने स्वतःच्या गिऱ्हाइकाला सांगायचं, "म्हणावं, खालच्या फळीवर." नवखा माणूस गोंधळायचा. जुन्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. भावांनाही.

धाकट्याच्या पायाचं सुरू झालं ते असं, की एका रात्री तो झोपण्याआधी मोजे काढायला वाकला आणि पायात मोजे नव्हतेच. बोटांना काहीतरी गुंडाळल्यासारखं वाटत होतं, एवढं खरं. त्याने बोटं चोळली आणि झोपला. दिवसभर उभं राहायचा धंदा, पाय बधिर व्हायचेच. बायकोला सांगितलंही नाही.

पुढे एकदा दुकानातून घरी येताना पाव विकणाऱ्या बाईने त्याला मागून हाक मारली. "अहो, चप्पल राहिली की तुमची!" त्याने खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय उघडा. चप्पल रस्त्याच्या मधोमध, कुणीतरी मुद्दाम काढून ठेवल्यासारखी पडली होती. तेवढं अंतर तो खड्यांवरून अनवाणी चालत आला होता आणि त्याला पत्ता नव्हता. तो परत गेला, चप्पल घातली. बाई हसली म्हणून तोही हसला.

असं एकेक गोळा होत गेलं. कंगवा हातातून निसटायला लागला. शर्टाची वरची गुंडी लागेना. बायको म्हणाली, "काय लहान बाळासारखं करताय," आणि तिने लावून दिली. दुसऱ्या दिवशीही तिनेच लावली आणि तिसऱ्या दिवशी ती काही बोलली नाही.

मग मास्तरांची ती दाढी. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ, धाकट्याचं ठरलेलं गिऱ्हाईक, एका जागी स्वस्थ बसणं ज्यांना शाळेतही कधी जमलं नाही असे. त्या सकाळी ते रस्त्याच्या कामावर तोंडसुख घेत होते. धाकट्याने फेस केला, डाव्या अंगठ्याने गालाची कातडी ताणली आणि वस्तरा खाली आणला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली. ती पसरली.

"अरे, अरे, कापलंस की काय?" मास्तर आरशात बघून ओरडले.

धाकट्याने टॉवेलने फेस पुसला. गालावर काही नव्हतं. हनुवटी पाहिली, कान पाहिला, गळा पाहिला. कुठेच ओरखडासुद्धा नाही. आणि तो जितकं पुसत होता तितकं रक्त वाढतच होतं. मास्तरांच्या गालावर, कॉलरवर, टॉवेलवर. मास्तर घाबरून दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड चाचपत होते. धाकटा नुसता उभा होता. कुठून येतंय हे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि तेही दुसऱ्याच्या दुकानातली गोष्ट बघितल्यासारखं.

थोरल्याने आरशात पाहिलं होतं. तो स्वतःचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून आला, त्याने धाकट्याचा डावा हात मनगटाशी धरला आणि वर केला. अंगठ्याचं पेर आडवं चिरलं होतं, चांगलं खोल. धाकट्याने अंगठ्याकडे पाहिलं. त्याचाच होता. थोरल्याने त्यावर तुरटी दाबली. एरवी माणूस तुरटीने उडी मारतो. धाकटा हलला नाही. थोरल्याने मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग फडकं गुंडाळून गाठ मारली, मास्तरांना दंडाला धरून स्वतःच्या खुर्चीत नेलं आणि राहिलेली दाढी केली.  त्या दिवसापासून धाकट्याच्या फळीवरचा वस्तरा थोरल्याच्या फळीवर गेला, आणि धाकट्याने तो परत मागितला नाही.

नेहमीच्या डॉक्टरांनी साखर तपासली. साखर बरोबर होती. मग थायरॉइड, मग जीवनसत्त्वं. बी-बारा जरा कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. दुकानात तर काय, प्रत्येक मानेवर एक डॉक्टर. कुणी म्हणालं, मोहरीच्या तेलाने चोळ. कुणी म्हणालं, मोबाईल उशाशी ठेवू नकोस. एका गिऱ्हाइकाच्या साडूला हेच झालं होतं आणि तो फक्त चप्पल बदलून बरा झाला होता. मास्तर म्हणाले, "तुझ्या मनात काहीतरी साचलंय बघ. ते अंगावर निघतंय." धाकट्याने मनात डोकावून पाहिलं. तिथे काही साचलेलं त्याला दिसलं नाही. तिथे काही दिसतच नव्हतं.

मग जोर जायला लागला. केस कापणाऱ्याचे हात दिवसभर छातीच्या वर असतात. आता दोन डोकी झाली की त्याचे खांदे भरून यायचे आणि हात आपोआप खाली यायचे. जिना चढताना तो कठड्याला धरून स्वतःला वर ओढायचा. खालून उठायचं तर आधी गुडघ्यावर, मग स्टुलाला धरून, मग बायकोच्या खांद्यावर. एकदा जिन्याच्या वळणावर त्याचा गुडघा मुडपला आणि तो चार पायऱ्या घरंगळत खाली आला. वहिनी दार उघडून धावत आली. "भाऊजी! लागलं का कुठे?"

"नाही," तो म्हणाला. खरंच लागलं नव्हतं. नंतर बायकोला पोटरीवर हाताएवढा काळानिळा डाग सापडला.

त्यानंतर पाठीचा एमआरआय झाला. पाठीचे सर्जन धिप्पाड होते आणि बोलायला मोकळे. त्यांनी पडद्यावर मणके दाखवले. "ही बघा गादी. ही सरकलीय, नस दाबतेय. आयुष्यभर उभं राहून वाकून काम केलंय तुम्ही, आणखी काय होणार? मोकळी करून टाकू."

"आणि हात?" बायकोने विचारलं.

"मानेतही थोडं असेल. आधी पाठ, मग मान बघू."

धाकटा हो म्हणाला. कशालाही तो त्या दिवसांत हो म्हणायचा. तारीख ठरली.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी, दुपारी, त्याच्या दारात थोरला येऊन उभा राहिला. सहा वर्षांत तो वर आला नव्हता. बायको भांडी घासत होती, तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"ऑपरेशन करू नकोस," थोरला म्हणाला.

आवाज कसा बसलेला होता. धाकट्याला वाटलं होतं, कधी हा बोललाच तर आपल्याला राग येईल, किंवा रडू येईल. काही आलं नाही.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही."

"मग?"

थोरल्याने चौकटीवर हात ठेवला होता, तो काढला, परत ठेवला. "मला नाही वाटत चांगलं," म्हणाला, आणि खाली गेला. बायकोने धाकट्याकडे पाहिलं. "अहो, ते बोलले!"

"हं," धाकटा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

तो ठरलेल्या दिवशी दवाखान्यात दाखल झालाच. हिरवा झगा घालून कॉटवर बसला. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. ठेंगण्याशा, सर्दीने नाक लाल झालेलं, केसांच्या अंबाड्यात पेन खोचलेलं. शिंकत, माफी मागत त्यांनी विचारपूस सुरू केली. कशाची अॅलर्जी, दात कुठला हलतोय का, आधी कधी भूल घेतली होती का.

"पायात किती जोर, किती स्पर्श, हे मी आधी बघून ठेवते," त्या म्हणाल्या. "नाहीतर उद्या म्हणाल, बाईंनी भूल दिली आणि पाय गेले."

त्यांनी कापूस फिरवला. "लागतोय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"कापूस आहे होय? मला वाटलं तुम्ही नुसतंच विचारताय."

बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी त्याचा पाय कॉटवरून लोंबता सोडला आणि स्टेथोस्कोपच्या कडेने गुडघ्याखाली टकटक केलं. एरवी पाय आपोआप उडतो, हा जागचा हलला नाही. दुसरा. तोही नाही. घोट्यामागे मारलं. नाही. मग त्यांनी त्याचा हात स्वतःच्या हातावर घेतला आणि कोपराच्या आत टकटक केलं, मग कोपराच्या मागे, मग मनगटाजवळ. हात लोंबत राहिला.

"कधीपासून आहे हे हातांचं?"

"पायानंतर. तीन-चार महिने झाले असतील."

"दोन्ही हात सारखेच?"

"सारखेच."

बाईंनी नाक पुसलं. त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "पाठीचं दुखणं असेल, तर कोपराचं काय बिघडलं?"

बायको पुढे झाली. "ते म्हणाले, मानेतही असेल."

"मानेत दाब असता तर गुडघा मुकाट बसला नसता, उलट जास्त उडाला असता. इथे तर सगळंच गप्प आहे." त्यांनी अंबाड्यातलं पेन काढलं, परत खोचलं. "थांबा जरा. पाणीसुद्धा पिऊ नका आणि घाबरूही नका."

सर्जन टोपी घालूनच आले. त्यांनी स्वतः हातोडी मागवली आणि सगळे सांधे पुन्हा ठोकून पाहिले. एकदा जोरात, एकदा हळू. मग टोपी काढली.

"गादी सरकलेली आहे," ते म्हणाले. "ती काही खोटी नाही. पण या वयात शंभरातल्या निम्म्यांची सरकलेली असते आणि ते फुटबॉल खेळतात. आज मी चाकू लावत नाही. आधी मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा, मीच फोन करतो." दारापर्यंत जाऊन ते वळले. "हे मी आधी ठोकून बघायला हवं होतं."

घरी परतल्यावर बायकोने खाली जाऊन सांगितलं. वहिनीने दोन्ही हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला धुतलेला शर्ट घालून जिन्याखाली उभा होता. बायकोनेच सांगितलं होतं त्याला. "मला नाही झेपत यांना सावरायला," ती धाकट्याला म्हणाली. "मध्येच पडलात तर मी काय करू? दादा येतील."

दोघं भाऊ टॅक्सीत मागे बसले. दोघांनी आपापल्या खिडकीतून बाहेर पाहिलं.

मज्जातंतूंचे डॉक्टर म्हातारे आणि सावकाश होते. त्यांनी एमआरआयचे फोटो बाजूला ठेवले आणि आधी नुसतं विचारलं. पाय आधी की हात? डावं-उजवं सारखं? मध्ये कधी बरं वाटलं? वाढायचं थांबलंय की अजून वाढतंय? धाकट्याने चपलेची गोष्ट सांगितली, अंगठ्याची सांगितली. डॉक्टर सगळं ऐकत होते आणि मधूनमधून थोरल्याकडे बघत होते.

"तुरटी मी लावली," थोरला एकदम म्हणाला. "याला झोंबली नाही."

"हे तुम्ही बघितलंत?"

"तोंडाकडे बघितलं ना मी."

डॉक्टरांनी दोन दात्यांची एक लोखंडी चिमट्यासारखी वस्तू हातावर आपटली. ती घूं करून वाजली. तिचा दांडा त्यांनी धाकट्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर जाणवते?" नाही. घोट्यावर? नाही. गुडघ्यावर? "काहीतरी आहे. शेजारच्या घरात कुणी रेडिओ लावल्यासारखं." मग त्याला उभं करून पाय जुळवायला सांगितले. "आता डोळे मिटा." डोळे मिटताच खोली कुठे गेली ते त्याला कळेना. पाय आहेत की नाहीत ते कळेना. तो सरळ झाडासारखा कलला, आणि थोरल्याने काखेत हात घालून त्याला धरलं.

मग तपासण्या. एका थंड खोलीत त्याच्या हातापायांवर चकत्या चिकटवून विजेचे बारीक झटके दिले. हात आपोआप उडत होता, बोटं आपोआप वळत होती. धाकटा बघत होता. मशीनवरची मुलगी मापं घेत होती. डॉक्टर नंतर म्हणाले, "निरोप जातोय, पण रांगत जातोय. आणि वाटेत काही ठिकाणी अडतोय. अजून एक बघायचं, पाठीच्या कण्यातलं पाणी."

पाठीतल्या पाण्यासाठी कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे असतात, मान छातीशी. धाकट्याचे हात गुडघ्यांना धरून ठेवेनात. सिस्टर दारात जाऊन म्हणाली, "कोण आहे यांचं? या, जरा धरून ठेवा यांना."

थोरला आत आला. धाकट्याला त्याचं तोंड दिसलं; एवढ्या जवळून खूप वर्षांनी. मिशी पार पांढरी झालेली. थोरल्याने एक हात त्याच्या मानेमागे आणि एक गुडघ्यांमागे घातला. मागे डॉक्टरांनी काहीतरी गार लावलं, ट्रे वाजला. थोरल्याची नजर वर उचलली गेली, धाकट्याच्या खांद्यावरून पलीकडे, सुईकडे. त्याच्या ओठांचा रंग गेला. मग कपाळावर घाम आला. मग त्याचा हात धाकट्याच्या मानेवरून हळूहळू निसटायला लागला.

"सिस्टर," धाकटा म्हणाला, "याला धरा."

धप्प आवाज झाला.

"अगं बाई!" सिस्टर म्हणाली. "यातला पेशंट कोण?"

धाकट्याच्या पोटातून काहीतरी वर आलं. त्याला आधी कळलंच नाही की ते हसू आहे. "हलू नका! अजिबात हलू नका!" डॉक्टर ओरडले. त्याने दात दाबले, उशी चावली. डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यभर वस्तरा चालवलेला माणूस, हजारो गळे ज्याच्या हाताखालून गेले, तो एका सुईने आडवा झाला होता. दुसऱ्या सिस्टरने येऊन थोरल्याचे पाय वर केले, तोंडावर पाणी मारलं.

"नेहमी होतं का हो असं?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून," थोरला जमिनीवरूनच म्हणाला. "दवाखान्याचा वास आला तरी गरगरतं. आईच्या वेळी फाटकापाशीच पडलो. रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं."

धाकटा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे बघत पडला होता. पाठीत सुई होती. त्याने ते ऐकलं.

"कुणाला बोललास का हे?" त्याने भिंतीला विचारलं.

"काय बोलणार? आई ऑपरेशनला गेली आणि मोठा मुलगा फाटकात बेशुद्ध पडला, हे सांगायचं?"

 पाणी थेंब थेंब नळीत पडत होतं.

त्या पाण्यात प्रथिन फार निघालं आणि पेशी जवळजवळ नव्हत्याच. डॉक्टर म्हणाले, हेच त्यांना हवं होतं. नाव चार इंग्रजी अक्षरांचं होतं, सीआयडीपी. "सोप्या भाषेत सांगा," थोरला म्हणाला. तो खुर्चीत बसला होता, पाणी पीत.

"नसांवर एक आवरण असतं, वायरवर असतं तसं. शरीरात राखण करणारी फौज असते, रोगांशी लढणारी. ती चुकून तुमच्याच नसांची आवरणं कुरतडतेय. कुंपणानेच शेत खायला घेतलंय म्हणा."

"का?"

"ते अजून कुणालाच नीट सांगता येत नाही. पण थांबवता येतं, बऱ्याच जणांचं. लवकर सापडलं तर जास्त." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही."

धाकट्याने मान हलवली. त्याला वाटलं, आता तरी काहीतरी वाटायला हवं. सुटलो, असं. किंवा संपलो, असं. त्याने बाहेर येऊन थोरल्याला विचारलं, "भूक लागलीय का तुला?" थोरला म्हणाला, "लागलीय." त्यांनी कॅन्टीनमध्ये आमलेट-पाव खाल्ला. थोरल्याने त्याच्या पावाचे तुकडे करून दिले, आणि दोघांपैकी कुणालाच त्याचं काही अवघड वाटलं नाही.

उपचार सलाइनमधून होता, लागोपाठ काही दिवस आणि मग ठरावीक आठवड्यांनी. हजारो लोकांच्या रक्तातून वेगळं काढलेलं ते प्रथिन होतं, चुकलेल्या फौजेला आवरणारं. "आयुष्यभर लोकांचं थेंब थेंब रक्त काढलं आपण," धाकटा म्हणाला, "आता बाटलीतून परत येतंय." सिस्टर हसली. थोरला हसला नाही. तो सुईकडे पाठ करून बसला होता.

पहिल्या महिन्यात फरक पडला नाही. बायको रोज विचारायची, तो रोज नाही म्हणायचा. या काळात त्याची दाढी थोरला करायचा, दुकान उघडायच्या आधी, त्याच्याच खुर्चीत बसवून. थोरल्याचा अंगठा गालावर ताणलेला त्याला कळायचा. चेहऱ्यावर स्पर्श शाबूत होता. गिऱ्हाईक नसल्यामुळे निरोप द्यायला तिसरं कुणी नव्हतं. "मान वर," थोरला म्हणायचा. "बास?" "डावीकडे राहिलंय." बोलणं ते एवढंच. ते पुरायचं.

एका सलाइनच्या दुपारी, वॉर्डात बाकी सगळे झोपलेले असताना, थोरल्याने विचारलं, "तिने माझं नाव काढलं होतं का?"

धाकट्याला कळलं, कुणाचं चाललंय. "काढलं होतं. आत नेताना."

"काय म्हणालास?"

"दुकानात आहे म्हणालो. गर्दी आहे म्हणून येता आलं नाही."

थोरला खिडकीबाहेर बघत राहिला. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती टूंटूं वाजत होती. "मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, गर्दी आहे तर बरंच आहे."

थोरल्याने मान डोलावली. बराच वेळ डोलवत राहिला. धाकट्याला वाटलं, आपण त्याच्या हातावर हात ठेवावा. एका हाताला सुई होती. दुसरा हात त्याने चादरीवरून थोडा पुढे सरकवला, आणि तो तिथेच राहिला. थोरला तिकडे बघतही नव्हता.

दुसऱ्या महिन्यानंतर कधीतरी तो जिना कठड्याला न धरता चढला. वर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं. खांदे आधी सुधारले. मग बोटांत मुंग्या आल्या, इतक्या की झोप लागेना, आणि डॉक्टर म्हणाले मुंग्या येतायत म्हणजे चांगलं आहे. "डॉक्टरांचं चांगलं आपल्याला दुखतंच," बायको म्हणाली. एका सकाळी तोंड धुताना पाणी गरम आहे असं त्याच्या हाताला कळलं, आणि त्याने बायकोला तसं सांगितलं. ती मोरीतच बसून रडली. तो शेजारी उभा राहिला. तिच्या डोक्यावर हात ठेवला, केस हाताला लागले. जरासे राठ, टोकांना फुटलेले. हे कापायला हवेत, असं त्याला वाटलं.

आता धाकटा पुन्हा दुकानात उभा राहतो, अर्धा दिवस, मागे उंच स्टूल घेऊन. कात्री चालते, कंगवाही चालतो. वस्तरा तो हातात घेत नाही. केस उजवीकडच्या खुर्चीत आणि दाढी डावीकडच्या, असं झालंय. मास्तर गळ्यात फडकं बांधूनच या खुर्चीतून त्या खुर्चीत जातात आणि मधल्या दोन पावलांतही बोलायचे थांबत नाहीत. भाऊ एकमेकांशी बोलतात. फार नाही. पावडर, टॉवेल, दुपारचं सलाइन. गिऱ्हाइकांना आधी चुकल्यासारखं व्हायचं.

पायाची बोटं मात्र अजून तशीच आहेत. झोपण्याआधी तो तळवे उलटे करून आरशात बघतो. कुठे काही रुतलं असेल तर डोळ्यांनीच कळायचं, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. परवा एका नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काय हो, बरे झालात का पूर्ण?"

धाकट्याने कात्री थांबवून विचार केला. "घोट्यापर्यंत," तो म्हणाला. "घोट्यापर्यंत झालोय."

"आणि खाली?"

"खाली माहीत नाही. मान जरा पुढे घ्या."